सायकल सकाळी अकरा वाजता कुठे असते?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या साठ वर्षांच्या आठवणी निघाल्या की वर्ग, फळा आणि स्नेहसंमेलन यांच्याबरोबर आणखी एक जागा हमखास निघते. ती म्हणजे सायकल स्टँड. पत्र्याच्या छपराखाली एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या सायकली, मधल्या सुट्टीत कोणीतरी कोणाच्या तरी चाकातली सोडलेली हवा, आणि शाळा सुटल्यावर फाटकाबाहेरच्या मिस्त्रीपुढे लागलेली रांग. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या स्टँडपासून फार दूरचा नाही. ग्राहकाच्या घरून नादुरुस्त सायकल न्यावी, ती नीट करावी आणि पुन्हा घरी आणून द्यावी, अशी सेवा कोणाला सुरू करावयाची असेल, तर त्याने आधी बाजारपेठेचा अभ्यास कसा करावा, हा तो विषय.

विषय लहान वाटेल. परंतु नोकरीतली शिल्लक, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम, क्वचित आईचे दागिने यांवर उभे राहिलेले कितीतरी छोटे धंदे वर्ष-दोन वर्षांत मिटतात. मिटण्याचे कारण दर वेळी आळस किंवा अप्रामाणिकपणा नसतो. पुष्कळदा कारण एवढेच असते की, पैसे घालण्यापूर्वी जे विचारावयाचे ते विचारले गेले नाही, किंवा विचारले ते चुकीच्या रीतीने विचारले गेले. ही रीत शिकता येते, आणि ती शिकण्यासाठी सायकलीइतके सोपे व सर्वांच्या ओळखीचे उदाहरण सापडणे कठीण.

उदाहरणासाठी निवडलेले ठिकाण मात्र महाराष्ट्राबाहेरचे आहे. ते म्हणजे कोलकात्याच्या उत्तरेचे डमडम. मराठी माणसाच्या कानाला हे नाव अगदीच परके नाही. इंग्रजांच्या काळात येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात तयार झालेली, शरीरात शिरून पसरणारी बंदुकीची गोळी ‘डमडम’ याच नावाने जगभर कुप्रसिद्ध झाली आणि १८९९ च्या हेग येथील परिषदेत तशा गोळ्यांवर बंदी आली. ग्रामोफोन कंपनीचा तबकड्यांचा कारखाना १९२८ पासून डमडमलाच होता. मराठी नाट्यपदांच्या ज्या तबकड्या घरोघर वाजल्या, त्यांतल्या पुष्कळ तेथे तयार झालेल्या. आजचे कोलकात्याचे विमानतळ त्याच परिसरात आहे.

तरीही डमडम निवडण्याची खरी कारणे दोन. पहिले असे की, देशात सायकलींचे प्रमाण सर्वांत अधिक असलेल्या राज्यात ते येते. दुसरे असे की, थोड्या लोकांना विचारून पुष्कळांविषयी कसे जाणावे, हे शास्त्र भारतात ज्या संस्थेत वाढले, ती संस्था डमडमच्या शेजारी बरानगरला आहे. या दोन्ही कारणांकडे पुढे यावयाचे आहे.

आता एक कल्पित तरुण डोळ्यांसमोर आणावा. मराठी शाळेत शिकलेला, नोकरीनिमित्त कोलकात्यास गेलेला, डमडमला भाड्याच्या घरात राहणारा. सकाळी खिडकीतून त्याला सायकलींची अखंड रीघ दिसते. एके दिवशी त्याची स्वतःची सायकल पंक्चर होते. ती ढकलत मिस्त्रीपर्यंत नेताना त्याची लोकल चुकते. त्याच संध्याकाळी त्याच्या मनात येते, की एक फोन केल्याबरोबर कोणी सायकल घरून नेली आणि नीट करून आणून दिली, तर काय हरकत आहे? कल्पना चांगली आहे. धंद्याच्या बहुतेक चांगल्या कल्पना अशाच स्वतःच्या अडचणीतून सुचतात. परंतु एकाची अडचण म्हणजे बाजारपेठ नव्हे, आणि येथूनच अभ्यासाला आरंभ होतो.

हा तरुण प्रथम आकडा शोधतो, आणि तो त्याला लगेच सापडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ या काळात, देशातील सुमारे ५०.४ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याचे आढळले. पश्चिम बंगालमध्ये हेच प्रमाण ७८.९ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. त्यात ‘सबुज साथी’ योजनेची भर आहे. २०१५ पासून त्या राज्यातील सरकारी व अनुदानित शाळांतील नववी ते बारावीच्या मुलामुलींना या योजनेतून सायकली दिल्या जातात, आणि वाटलेल्या सायकलींची संख्या एक कोटीच्या पुढे गेलेली आहे. एवढे वाचून कोणाही उत्साही तरुणास वाटेल, की बाजारपेठ सिद्ध झाली. आता फक्त फलक लावावयाचा.

येथे थांबणे आवश्यक आहे. सर्वेक्षणाने विचारले होते ते इतकेच, की घरात सायकल आहे काय. ती चालते काय, कोण चालवतो, किती चालवतो, नादुरुस्त झाली तर कोठे नेतो, यांतले काहीही त्या आकड्यात नाही. शिवाय तो आकडा साऱ्या राज्याचा आहे. त्यात सुंदरबनातली खेडी आहेत आणि विमानतळाजवळच्या उंच इमारतीही आहेत. सायकलींची संख्या आणि ग्राहकांची संख्या या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी काढता येत नाही. दुसरी स्वतंत्रपणे शोधावी लागते.

त्या शोधाची पहिली पायरी म्हणजे सायकलस्वारांचे गट पाडणे. डमडममध्ये डोळसपणे हिंडले तर निदान चार गट दिसतात. पहिला गट घरापासून रेल्वे किंवा मेट्रोच्या स्थानकापर्यंत सायकलने जाऊन पुढे गाडी पकडणाऱ्यांचा. दुसरा शाळकरी मुलामुलींचा. तिसरा ज्यांचे पोट सायकलीवर आहे अशांचा, म्हणजे वर्तमानपत्र टाकणारे, दूध व भाजी विकणारे, माल पोहोचवणारे. चौथा हौसेने गिअरची महागडी सायकल बाळगणाऱ्यांचा. तो आकाराने लहान, पण खर्च करण्यास तयार.

घरून सायकल नेण्याची सेवा या चौघांच्या दृष्टीने एकसारखी नाही. वर्तमानपत्र टाकणाऱ्याची सायकल दिवसभर दुसऱ्याकडे राहिली तर त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडाला. त्याला घरून नेणारा नको. रस्त्याच्या कडेला पंधरा मिनिटांत काम करून देणारा हवा, आणि असा मिस्त्री त्याला पावलोपावली मिळतो. विद्यार्थ्याच्या सायकलीचा खर्च वडील करतात. म्हणजे अडचण एकाची आणि पैसा दुसऱ्याचा. हौशी सायकलस्वाराची गोष्ट वेगळी. साध्या काळ्या सायकलीचे भाग देशभर एकसारखे मिळतात आणि कोणीही मिस्त्री ती खोलू शकतो. गिअरच्या सायकलीला वेगळे पाने लागतात, वेगळा हात लागतो. त्या मालकाला सायकल दूर नेण्याची अडचण खरोखर आहे आणि तो आठवडाभर थांबूही शकतो.

दुसरी पायरी विचारण्याची. येथेच बहुतेकांची फसगत होते, आणि म्हणून बरानगरच्या त्या संस्थेकडे वळणे इष्ट ठरेल.

प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. बंगालमध्ये ताग किती जमिनीवर पेरला जातो, हा त्या काळी सरकारपुढचा आणि व्यापाऱ्यांपुढचा मोठा प्रश्न होता. प्रत्येक शेत मोजणे अशक्य. महालनोबीस यांनी नमुन्याची शेते निवडून अंदाज काढण्याची पद्धत बसवली. तीही एकदम साऱ्या प्रांतात लावली नाही. १९३७ पासून काही वर्षे लहान प्रमाणावर चाचण्या घेतल्या, प्रत्येक चाचणीत खर्च किती येतो व चूक किती होते हे मोजले, आणि मगच व्याप वाढवला. त्यांची आणखी एक युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकाच भागाची पाहणी दोन स्वतंत्र तुकड्यांकडून, एकीला दुसरीचे उत्तर न कळू देता, करून घ्यावयाची. दोन्हींचे उत्तर जवळपास आले तर विश्वास ठेवावयाचा. फार फरक पडला तर दोष लोकांत नसून मोजणाऱ्यांत आहे काय, हे पाहावयाचे.

या कथेत एका मराठी संशोधकाचाही मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे दिल्लीस कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम पाहत होते. पिकाचा उतारा काढण्यासाठी शेतात एक लहानसा तुकडा आखतात, तेवढ्याचे पीक कापून वजन करतात आणि त्यावरून साऱ्या शेताचा हिशोब मांडतात. महालनोबीस यांचा कल लहान तुकड्याकडे होता, कारण त्यात श्रम कमी. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले, की तुकडा फार लहान असेल तर उत्तर खऱ्यापेक्षा मोठे येते. कारण अगदी साधे आहे. आखलेल्या रेषेवर काही रोपे असतात, धड आत नाहीत आणि धड बाहेरही नाहीत. कापणारा माणूस अशी शंकास्पद रोपे बहुधा आत ओढून घेतो. तुकडा मोठा असेल तर काठावरच्या चार रोपांनी फारसे बिघडत नाही. तुकडा लहान असेल तर तीच चार रोपे साऱ्या शेताचे उत्पन्न फुगवतात.

सायकल दुरुस्तीच्या बाजारपेठेला हाच नियम जसाच्या तसा लागू पडतो. डमडमचा तो तरुण कचेरीतल्या वीस सहकाऱ्यांना विचारतो, “अशी सेवा सुरू झाली तर तुम्ही वापराल का?” वीसपैकी सोळा जण ‘हो’ म्हणतात. त्यांत लबाडी कोणाचीच नाही. मित्राचा उत्साह मोडवत नाही, ‘हो’ म्हणण्यास पैसे पडत नाहीत, आणि कधीतरी गरज लागेलही, असे त्यांना मनापासून वाटते. ती सारी काठावरची रोपे आहेत, आणि विचारणाऱ्याने ती आत ओढून घेतली आहेत. नमुना लहान, त्यातही तो ओळखीच्यांचा. म्हणजे त्या तुकड्यात काठाशिवाय दुसरे काही नाहीच.

मग विचारावे काय? पुढच्या काळाविषयी विचारण्याऐवजी मागच्या काळाविषयी विचारावे. सायकल शेवटची कधी बिघडली? काय बिघडले होते? कोणाकडे नेली? कशी नेली, ढकलत की चालवत? किती पैसे दिले? किती वेळ गेला आणि त्या वेळात कोणते काम अडले? या प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तरच नसते, त्यामुळे भिडेला तेथे जागा उरत नाही. ज्याला शेवटची दुरुस्ती आठवत नाही, त्याच्यापाशी सोडवण्यासारखी अडचण नाही असे धरून पुढे जावे. ज्याला तारीख, पाऊस आणि चुकलेली गाडीसुद्धा आठवते, त्याच्याजवळ थांबावे.

भाषेचा प्रश्नही येथे येतो. डमडमच्या मिस्त्रीला किंवा शेजारच्या माशीमांना हिंदीत किंवा इंग्रजीत विचारले तर उत्तर मिळते, पण ते परक्याला द्यावयाचे बेताचे उत्तर असते. बंगालीत, दादा-दिदी म्हणत, चहाच्या दुकानापुढच्या बाकावर बसून विचारले तर माणूस मोकळा होतो. त्या तरुणाने बंगाली बोलणारा भागीदार शोधावा किंवा स्वतः बंगाली शिकावे. माणसाच्या अडचणी त्याच्या भाषेतच पुऱ्या सांगता येतात, हे मराठी शाळेच्या मेळाव्यात निराळे सांगावयास नको.

तिसरी पायरी हिशोबाची. येथे घेतलेले आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत; प्रत्यक्षात ज्याने त्याने आपापल्या गावचे भाव घालावेत. समजा, एका ग्राहकाची सायकल आणण्यासाठी कामगार दुकानातून घरी गेला, सायकल घेऊन आला, नंतर ती पोहोचवून दुकानात परतला. म्हणजे फेऱ्या दोन आणि जाणे-येणे चार वेळा. मिळून एक तास गेला असे धरले आणि कामगाराच्या तासाची मजुरी सत्तर रुपये धरली, तर पाना हातात घेण्यापूर्वीच सत्तर रुपये खर्ची पडले. पंक्चर काढण्याचे तीस रुपये मिळत असतील तर प्रत्येक पंक्चरमागे चाळीस रुपयांचे नुकसान, आणि चिकटपट्टी व डिंकाचा खर्च अजून धरलेलाच नाही. उलट चाकाचा आउट काढणे, छर्रे बदलणे, चेन व फ्रीव्हील नवे बसवणे आणि ओव्हरऑयलिंग असे चारशे रुपयांचे काम असेल, तर सत्तर रुपये सोसवतात. परंतु एका सायकलीला असे काम वर्षातून किती वेळा लागते? बिघाड पंक्चरचे पुष्कळ आणि पैसा मोठ्या कामात. या सेवेची सारी अडचण या एका वाक्यात आहे, आणि ती कागद-पेन्सिलीने, एक रुपयाही न घालता, आधी कळू शकते.

येथपर्यंत आलेला मनुष्य कल्पना सोडून देईल किंवा आणखी एक प्रश्न विचारील. हा प्रश्न व्याख्यानाच्या शीर्षकात आहे. सायकल सकाळी अकरा वाजता कुठे असते?

डमडम जंक्शनला सियालदाहून येणारे मार्ग फुटतात. एक राणाघाटकडे, एक बनगावकडे. १९८४ च्या नोव्हेंबरात डमडम ते बेलगाछिया मेट्रो सुरू झाली आणि पुढे दीर्घकाळ डमडम हे उत्तरेचे अखेरचे स्थानक राहिले. २०२१ मध्ये तो मार्ग दक्षिणेश्वरपर्यंत गेला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये डमडम कँटोन्मेंटवरून विमानतळाकडे जाणारी मेट्रोही धावू लागली. सायकलने थेट शहरात जाणे मात्र सोपे नाही. अंतर आहेच, शिवाय कोलकाता पोलिसांनी २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई केली होती. पुढे ती यादी लहान झाली, तरी मनाई पूर्ण उठली नाही. डमडमचा सायकलस्वार म्हणून काय करतो? सायकल स्थानकापाशी ठेवतो आणि गाडीत बसतो. कोलकात्याच्या उपनगरी स्थानकांबाहेर अशा सायकली सांभाळणारे खासगी स्टँड असतात. तेथे त्यांना ‘सायकल गॅरेज’ म्हणतात. दिवसाला किंवा महिन्याला ठरावीक पैसे द्यावे, सकाळी सायकल लावावी, संध्याकाळी घ्यावी.

म्हणजे सकाळी अकरा वाजता त्या सायकली घरी नसतातच. एका छपराखाली, ओळीने, मालकाविना, संध्याकाळपर्यंत त्या उभ्या असतात. ज्या कामासाठी आपला तरुण माणूस नेमणार होता, गाडी घेणार होता, ते काम ग्राहक स्वतः रोज सकाळी फुकट करीत आहे. सायकल घरून आणण्याची गरज नाही, पोहोचवण्याचीही नाही. आणि मालकाचा एक मिनिटही जात नाही, कारण सायकल एरवीही रिकामीच उभी होती. तासाची ती मजुरी येथे हिशोबातून गळून पडते. तीस रुपयांचे पंक्चरही मग परवडू शकते.

मराठी माणसाने ही गोष्ट पूर्वी केलेली आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातले गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्याचे काम घेऊन देशभर पसरले. त्यांनी घरोघर फिरून सोने गोळा केले नाही. ज्या सराफ पेठेत सोने आपल्या पावलांनी येते, त्या पेठेतच त्यांनी भट्टी मांडली. माल जेथे आपसूक जमतो तेथे जाऊन बसावे, हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवले नव्हते.

मात्र ही दुसरी कल्पनासुद्धा तपासल्यावाचून खरी मानू नये. ती तपासण्याची रीत महालनोबीस यांच्या चाचण्यांसारखीच, लहान आणि स्वस्त. स्टँडच्या मालकाची परवानगी घेऊन आधी केवळ पाहणी करावी. ओळीतली दर दहावी सायकल पाहावी, म्हणजे निवड आपल्या आवडीने होणार नाही. सायकलीला हात न लावता दिसेल तेवढे लिहावे. टायर गुळगुळीत झाला आहे काय, ब्रेकचे रबर झिजले आहे काय, चेन गंजली आहे काय, चाकात तारा तुटल्या आहेत काय. हेच काम दुसऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे करावे आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. मग दोन आठवडे प्रत्यक्ष सेवा द्यावी. सकाळी मालकाने हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी. त्यावर काम आणि आधी ठरलेला दर लिहिलेला असावा. चिठ्ठी बांधताना थोडी रक्कम आगाऊ घ्यावी. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती घेतली पाहिजे. शंभर तोंडी होकारांपेक्षा दहा चिठ्ठ्या अधिक सांगतात, कारण चिठ्ठी बांधणारा माणूस काठावर नसतो, आत असतो.

या पाहणीत एक भीती पुन्हा पुन्हा पुढे येण्याचा संभव आहे, आणि ती पैशाची नाही. पाठीमागे सायकल खोलली आणि चांगला भाग काढून जुना बसवला तर? मिस्त्रीपुढे उभे राहून दुरुस्ती करून घेण्याची सवय या भीतीतून आलेली आहे. तिच्यावर उपाय साधा आहे. बदललेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून कॅरिअरला बांधून परत द्यावा. हा उपाय कोणत्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी पडेल, आणि तो सुचण्यासाठी आधी ती भीती ऐकून घ्यावी लागते.

आता शेवटचा आणि सर्वांत नाजूक भाग. डमडमच्या रस्त्यावर जो मिस्त्री आधीच बसला आहे, त्याचे काय? बाजारपेठेच्या पुस्तकांत त्याला प्रतिस्पर्धी म्हणतात. परंतु त्या गल्लीतली सारी माहिती त्याच्यापाशी आहे. कोणत्या महिन्यात काम वाढते, पावसाचे पाणी तुंबले की कोणते भाग सडतात, कोण उधारी बुडवतो आणि कोणाची उधारी सोडून द्यावी, हे त्याला पाठ असते. सप्टेंबरातल्या विश्वकर्मा पूजेच्या दिवशी तो हत्यारांची पूजा करतो आणि त्या दिवशी पाना उचलत नाही. सेवेचे वेळापत्रक आखणाऱ्याला एवढेही ठाऊक नसेल तर त्याने बाजारपेठ पाहिलीच नाही. त्या तरुणाने सर्वांत आधी या माणसाकडे जावे. त्याचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाऊ नये. स्टँडमधल्या कामाला कुशल हात लागणारच आहेत आणि ते त्याच्यापाशी आहेत, म्हणून जावे. तरुणाने चिठ्ठ्या, हिशोब, सुटे भाग आणि जबाबदारी सांभाळावी; मिस्त्रीने काम करावे आणि त्याला ठरलेला वाटा रोजच्या रोज मिळावा. अशी जोडी जमली तर एकाची पुंजी वाचते आणि दुसऱ्याचा चरितार्थ. जमली नाही तर मिस्त्री का नाही म्हणतो, हेही पाहणीचेच उत्तर आहे.

एवढे करूनही उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते. स्टँडचा मालक जागा देणार नाही, चिठ्ठ्या पुरेशा बांधल्या जाणार नाहीत, किंवा त्याच स्टँडमध्ये कोणी मिस्त्री हेच काम वर्षानुवर्षे करीत असल्याचे आढळेल. तसे झाले तर पाहणी फसली असे कोणी समजू नये. दोन आठवडे आणि काही हजार रुपये खर्चून त्या तरुणाने घरची पुंजी वाचवली. पालकांनी येथे एक गोष्ट करावी. मुलगा किंवा मुलगी धंद्याची कल्पना घेऊन आली, की तिला लगेच नाही म्हणू नये आणि लगेच पैसेही काढून देऊ नयेत. “किती जण हो म्हणाले?” याऐवजी “किती जणांनी पैसे दिले?” असे विचारावे. मग त्यांना दोन आठवडे द्यावेत.

आणि शाळेसाठी एक सूचना. बंगालमधल्या ‘सबुज साथी’च्या सायकली शाळेच्या वेळात आवारात उभ्या असतात, तशा या शाळेतही सायकली उभ्या असतात. हीरक महोत्सवी वर्षात नववीच्या विद्यार्थ्यांनी गणिताच्या शिक्षकांबरोबर एक दिवस स्टँडमध्ये जावे, दर दहावी सायकल पाहावी, दोन तुकड्यांनी दोन वेगळ्या वह्या कराव्यात आणि त्या जुळतात का ते पाहावे. मग फाटकाबाहेरच्या मिस्त्रीकाकांना आत बोलवावे आणि त्या वह्या त्यांच्यासमोर ठेवून विचारावे, की यातले काय बरोबर आहे. किती ब्रेक निकामी आहेत, एवढे जरी त्या दिवशी कळले, तरी कितीतरी मुले संध्याकाळी अधिक सुरक्षित घरी पोहोचतील.